धावत्या बसमधून उडी

आमच्या नदीकाठच्या गावात फिदेन्सियो पाव भाजायचा आणि जत्रेच्या तंबूत नाबोरबरोबर लोकांना हसवायचा. फिदेन्सियो काटकुळा, नाबोर गोलमटोल. एकाने शिडी धरायची, दुसऱ्याने पडायचं. आज कोण पडणार ते दोघांनाही आधी ठाऊक नसे. फिदेन्सियोच्या लेकीचा, हासिन्ताचा बाप्तिस्मा झाला तेव्हा नाबोर तिचा धर्मपिता झाला. तेव्हापासून दोघे कोंपाद्रे, म्हणजे सख्ख्या भावाहून जवळचे, आणि लहानपणापासूनचे सवंगडी असूनही एकमेकांना अहोजाहो करणारे.

पुढे नाबोर सिनेमात नशीब काढायला राजधानीला गेला. "पाय रोवले की तुम्हाला बोलावतो, कोंपाद्रे." फिदेन्सियोने पेटी भरून ठेवली. बोलावणं आलं नाही. काही वर्षांनी सिनेमा आला.

मी फिदेन्सियोच्या शेजारीच बसले होते. पडद्यावर नाबोर आणि कुणी एक काटकुळा नट, चोरलेल्या डुकराला नवरीचा पोशाख घालून चर्चमधून पळत होते. लोक हसून लोळत होते. फिदेन्सियोही डोळे पुसत होता. "ते पिठात पडणं माझं बरं का, बाई," तो कौतुकाने म्हणाला. शेवटी गोलमटोल मित्र राजधानीच्या बसमध्ये चढतो, मग धावत्या बसमधून उडी मारतो, कोंबड्यांच्या पाटीत आपटतो आणि मित्राकडे परत येतो. लोक हसता हसता रडले. फिदेन्सियो तेवढा उठून दाराकडे निघाला.

बाहेर सिनेमाबरोबर गावी आलेला नाबोर पांढऱ्या सुटात उभा होता. त्याने कडकडून मिठी मारली.

"कसा वाटला, कोंपाद्रे?"

"उडी छान मारलीत."

"अहो, तो परत यायलाच हवा. लोक त्याचंच तर तिकीट काढतात."

"मीपण काढलं."

नाबोर हसला, भोवतालचेही हसले. जुनी जोडी रंगात आली असंच त्यांना वाटलं.

"हासिन्ताचं लग्न ठरलं म्हणे," नाबोर म्हणाला. "धर्मपिता म्हणून मी उभा राहणार, आधीच सांगून ठेवतो."

"शिंपी मकारियो उभा राहतोय."

"थट्टा करताय."

"नाही."

धर्मपिता हयात असताना लग्नात दुसऱ्याला उभं केलेलं आमच्या गावाने कधी पाहिलं नव्हतं. मकारियोला तर यातलं काहीच माहीत नव्हतं. गर्दी मागे पडल्यावर फिदेन्सियो म्हणाला, "बाई, शिंप्याकडे येता का जरा? मला एकट्याला विचारणं जमणार नाही."

मकारियोने ऐकून घेतलं. "आणि नाबोर?" त्याने विचारलं.

"त्याला पाहुण्यांत बसवू," फिदेन्सियो म्हणाला.