सांडशीचे दोन दांडे
शुद्धलेखन चुकेल आणि अक्षरही वाईट आहे, चौथीपर्यंतच शिकले, माफ करावं. आज इथल्या कंपू भागात रस्त्याकडेला कुणीतरी दगडी कोळसा पेटवला होता, त्या वासाने लोहारकामाच्या वर्गातला पहिला दिवस आठवला. पुढे विळी, खुरपं सगळं आपल्या हाताने घडवायचं होतं आणि मला ते शिकायचंच होतं. पण उस्ताद म्हणाले, "पहले अपनी सँडसी बनाओ. शाम तक जिसकी नहीं बनी, वो कल से न आए." प्रत्येकीला दोनच सळया मिळाल्या. मी घरी ब्लाउज शिवते, त्याच सवयीने एक दांडा उजव्या बाजूचा आणि एक डाव्या बाजूचा ठोकला. मधे खिळा घालायला गेले तर ते एकमेकांवर बसेनात. उस्ताद म्हणाले, "बहनजी, दोनों एक जैसे बनते हैं. ये चप्पल की जोड़ी थोड़े ही है!" सगळ्या हसल्या. तिसरी सळई मागायची मला लाज वाटली. शेजारच्या ऐरणीवरची बाई मात्र हसली नाही, कारण तिचेही दांडे तसेच झाले होते. दिवसभर मी तिच्याशी बोलले नव्हते. भट्टी विझत आली तेव्हा कसंबसं म्हटलं, "जीजी, बायाँ वाला मुझे दे दो, मेरा दायाँ तुम ले लो." ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अरी, पहले काहे नहीं बोली?" दोघींकडे एकाच बाजूचे दोन-दोन दांडे झाले आणि दोन सांडश्या जुळल्या. उस्तादांनी त्या उघडून मिटून पाहिल्या आणि आम्हा दोघींना सकाळी लवकर यायला सांगितलं. आता मी रोज तीच सांडशी वापरते. तिचा एक दांडा बोटभर लांब आहे, तो त्या बाईचा.