मोहाखाली झाडतात तसा कॉम्प्युटर झाडला

बायको गेली तेव्हा घरात तिच्या मागं दोनच बोलत्या चीजा राह्यल्या. एक तिच्या मागं मागं फिरणारी कोंबडी अन् दुसरा कॉम्प्युटर. कोंबडी मुंगसानं नेली.

कॉम्प्युटर बायांच्या बचत गटाचा. कोण्या कचेरीनं तालुक्याच्या गावी, धानोऱ्यात, टाकून दिलेला, आत विंडोज नाई, लिनक्स, तेही जुनं. बायको गटाची सचिव. मोहाचा हंगाम आला का ती त्यात आपला आवाज भरून ठेवे अन् छपरावरच्या भोंग्यावर लावे. फुलं तोलून विकायची तोलाई कधी, टोपल्या कशा आणायच्या, सगळं. रोज घसा काऊन फोडू, म्हणे. मी सातवी नापास. मले तिनं एवढंच शिकवलं: हे उघडा, हा बाण दाबा, भोंग्याचं बटन चालू करा.

ती गेल्यावर मी भोंगा बंद ठेवून तो बाण दाबत होतो. तिचा दुसरा आवाज माझ्यापाशी नाई. फोनात नाई, कुठीच नाई.

मंग पडद्याच्या कोपऱ्यात लाल खूण आली. अपडेट मिळत नाई, सामान जिथून येते तो पत्ता सापडत नाई, असं लिहून येई. रोज तेच. आमच्याकडं मोहाची फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाला झाडतात अन् पेटवून देतात. जागा साफ असली का फूल दिसते. मी कॉम्प्युटरचं तेच केलं. न चालणारे पत्ते सारे खोडले. 'साफ करा' होतं, ते दाबलं. 'नको असलेलं काढा' होतं, तेही दाबलं. पासवर्ड मागितला, तो तिनं भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला होता. लाल खूण गेली. मले बरं वाटलं.

बाण दाबायले गेलो तर बाणच नाई. आवाजाचा प्रोग्रामच निघून गेला होता.

फाइली होत्या. पेनड्राइववर घेऊन धानोऱ्याले मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदारानं उघडल्या तर नुसता चुरा. एक तुकडा वाजवला तर "टो", दुसरा वाजवला तर "ल्या". म्हणाला, "काका, हा तर चिवडा आहे." मी पेनड्राइव त्याच्या हातातून ओढून घेतला.

पोरगी नागपुरात कॉम्प्युटरचंच काम करते. तिले फोन लावला.

"बाबा, तो प्रोग्राम आवाजाचे तुकडे करून ठेवते. तोच ते जोडते. नवा प्रोग्राम हे जुने तुकडे घेत नाई, अन् तुमच्या मशीनवर तर नवं सामान चढतच नाई. जुनंच पाहिजे."

"जुन्याचा पत्ता तर बंद होता."

"बंद नव्हता. जुनं सामान दुसऱ्या गोदामात नेऊन ठेवलं लिनक्सवाल्यांनी. तिथला पत्ता लिहायचा होता. तुम्ही तर खोडूनच टाकला, अन् मशीनमधी साठवलेलं होतं तेही साफ केलं."

"मायसारखी बोलू नको."

"मंग कोणासारखी बोलू?"

नेट माझ्याच फोनचं. फोनवर बोललो का नेट बंद. अन् रेंज फक्त खिडकीच्या एका कोपऱ्यात. पोरगी इंग्रजीतलं एकेक अक्षर सांगे, मी एका बोटानं दाबी, फोन ठेवी, नेट लावी. चुकलं. पुन्हा फोन. मधात जागा सोडायची राह्यली होती. पुन्हा चुकलं. त्या खोलीतून मले उठता येईना. उठलो तर रेंज जाईल, बसलो तर भिंत दिसे अन् बायकोचा कोळसा. ती त्या डब्यात तुकडे होऊन पडलेली अन् मी बाहेर एका बोटानं दार ठोकून राह्यलो.

शेवटी पत्ता लागला तर मशीन म्हणे, या सामानाची तारीख होऊन गेली, भरवसा धरता येत नाई. पोरीनं अजून एक ओळ सांगितली, तारीख पाहू नको म्हणणारी. ती टाकली. मंग सामान यायले लागलं, बैलगाडीच्या चालीनं. दुपार सारी गेली. मी जेवलो नाई.

बाण आला. दाबला.

फोनची तार लावताकाढताना भोंग्याचं बटन चालू झालेलं मले माहीत नव्हतं. सारा टोला, घरन् घर ऐकून राह्यलं: "बायांनो, ऐका! परवा तोलाई आहे. झाडाखाली झाडून घ्या, पाला बाजूले करा, पण जाळू नका. मागच्या साली किती जंगल पेटलं, विसरल्या काय?"

मी बटन शोधेपर्यंत शेजारीण रिकामी टोपली घेऊन दारात.

"भाऊ, बाई बोलली ना आत्ता?"

"हो."

"मंग तोलाई आहे का परवा?"

"नाई. जुनं आहे ते."

ती उंबऱ्यावर बसली. टोपली पालथी घातली. "'विसरल्या काय' म्हणते ना, ते मलेच म्हणे. माझ्याच हातून पेटलं होतं ते. पुन्हा लावा."

मी लावलं. भोंगा चालूच ठेवला. जाळू नका म्हणताना बायको माझ्याकडंच पाहून बोलते असं वाटलं.

पोरगी म्हणते, आता तो आवाज नीट फोनात घ्या अन् मशीन देऊन टाका, त्या गोदामात नवं काही यायचं नाई, आहे तेवढंच. फोनात घेतला. मशीन दिली नाई. लाल खूण पुन्हा येईल तर येवो. खोली झाडतो, कॉम्प्युटर झाडत नाई.