तिकीट काढून पाहिलेलं माहेर

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वरोऱ्याच्या आमच्या शाळेत परिपाठ संपवून वर्गाकडे निघाले होते. माझा थोरला भाऊ शाळेच्या वेळेत कधी फोन करत नाही, म्हणून लगेच उचलला. "मंदा, निर्मला उठून नाई राह्यली," दादा म्हणाला. एवढंच... आणि मला आधी वाटलं, हे शक्यच नाही. निर्मला वहिनी कधी झोपून राहिलीच नव्हती. सगळी कॉलनी घोरत असताना ही अंगण झाडून, चहा करून, कुठेतरी निघायच्या तयारीत उभी असायची. चंद्रपूरच्या बसमध्ये बसले आणि रडू येण्याऐवजी मला तिचा राग आला. डॉक्टरांनी बजावलं होतं, हृदय थकलंय, जिने चढू नका, दगदग करू नका. पण ही ऐकेल तर शपथ! भद्रावती आली तेव्हा मी तोंड पुसलं आणि हिरामणभाऊंना फोन लावला. हिरामणभाऊ म्हणजे एक दिवसाच्या सहली नेणारे गाईड. अजून जवळच्या नातेवाइकांनाही कळलं नव्हतं, आणि मी एका गाईडला कळवत होते. का, ते सांगायचं तर वैरागडपासून सुरुवात करावी लागेल.

गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीजवळ वैरागड आहे. जुना किल्ला, एके काळी हिऱ्यांच्या खाणींसाठी नावाजलेलं गाव. ते वहिनीचं माहेर. घरची धानाची शेती, वडील लवकर गेलेले, थोरले भाऊ वासुदेवराव यांनीच तिला वाढवलं आणि कौतुकाने ब्रह्मपुरीच्या कॉलेजात घातलं. तिथे तिला आमचा दादा भेटला. ते कुणबी, आम्ही बौद्ध. पुढचं सांगायला नको. नोंदणी करून लग्न झालं त्या दिवशी वासुदेवरावांनी निरोप पाठवला, या घरचा उंबरठा तुले बंद. वहिनीनेही उलट निरोप धाडला, बोलावल्याबिगर मी येनारबी नाई. दोघेही एकाच खाणीतले दगड, त्यामुळे कोणी हलायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे लेक माहेरी जाते ती कोणी न्यायला आल्यावर. न्यायला येणाऱ्याला मुराळी म्हणतात. आमच्या दारात वहिनीसाठी मुराळी कधी आला नाही. तिची आई वारली ते तिला आठवड्यानंतर बाजारात कळलं, गावाकडच्या एका बाईकडून. त्या दिवशी तिने आमच्या सगळ्यांचा स्वयंपाक केला, भांडी घासली, घासलेली भांडी पुन्हा घासली. मी म्हटलं, वहिनी, बस ना थोडी. तिने ऐकलंच नाही.

पायाला भिंगरी होती तिच्या. मार्कंड्याची जत्रा, हेमलकशाचा दवाखाना पाहायला गेलेली महिला मंडळाची बस, सिरोंच्याकडचं कुणाचं लग्न... बोलावणं आलं की ही पिशवी भरून तयार. दादा खाणीतल्या ड्युटीवरून दमून येई आणि ओट्यावरचा झाकलेला डबा पाहून समजून जाई, की बाईसाहेब निघाल्या. आम्ही तिला खूप चिडवायचो. दोन जिल्ह्यांतली बहुतेक गावं तिने पालथी घातली. फक्त आरमोरीच्या पाटीशी बस वळली की ती खिडकीबाहेरची नजर आत वळवायची.

म्हणून गेल्या भाद्रपदात तिचा फोन आला तेव्हा मी चाटच पडले. "मंदा, दोन सीटा सांगतल्या. ऐतवारी निघाचं हाय. वैरागडचा किल्ला अन् सात बहिणीचा धबधबा, जेवनखावन त्याइच्याकडंच." मी विचारलं, "वैरागड?" तर म्हणते, "मी धबधबा पाहाले जाऊन राह्यली. वैरागड रस्त्यात लागते, त्याले मी का करू?" वैरागड रस्त्यात लागत नाही. वाट वाकडी करून जावं लागतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी म्हटलं, "म्हंजे यंदा मुराळी भाड्यानं आनला म्हना की!" ती हसली नाही. "तुह्या दादाले सांगू नको," म्हणाली आणि फोन ठेवला. त्याच महिन्यात डॉक्टरांनी तिला हृदयाचं सांगितलं होतं, हे मला नंतर समजलं.

चंद्रपूरहून उजाडता उजाडता टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. निवृत्त मंडळी, दोन जोडपी, एका ट्रेकिंग ग्रुपच्या मुली आणि आम्ही दोघी. हिरामणभाऊ पूर्वी झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक करायचे. आवाज असा, की ड्रायव्हरच्या शेजारून बोलले तरी मागच्या सीटवरचा माणूस दचकायचा. मूल, सावली, वैनगंगेचा पूल, गडचिरोली. प्रत्येक ठिकाणचा इतिहास ते हातवारे करून सांगत होते आणि लोक खूश होते. वहिनीने डोक्याला स्कार्फ गुंडाळला होता, डोळ्यांवर आपल्या मुलाचा काळा चष्मा. "कोनी वळखत नाई असं केल्यावर," ती हळूच म्हणाली. दर पाच मिनिटांनी विचारायची, किती वाजले? चष्मा काढायची, पुसायची, पुन्हा घालायची. तिचं गुडघ्याला गुडघा आपटणं चाललं होतं आणि माझी सीट हलत होती.

किल्ल्यात तर ती गाईडच्याही पुढे. खंदक, दरवाजा, गवतात हरवलेल्या भिंती. हिरामणभाऊ विराट राजापासून गोंड राजांपर्यंत सगळ्यांना रंगमंचावर आणत होते. एका पडक्या विहिरीशी ते म्हणाले, इथे राण्या जलक्रीडा करत. वहिनीच्या तोंडून निघून गेलं, "हट! इथी आमी म्हशी आनत होतो." सगळे हसले. हिरामणभाऊंनी विचारलं, "ताई, तुमी इथल्या का?" ती चटकन म्हणाली, "नाई जी. चंद्रपूरच्या." आणि पुढे चालायला लागली. मला तिच्या पाठीकडे पाहवेना. स्वतःच्या गावात उभं राहून बाईने असं म्हणावं...

जेवणाची सोय गावातल्या सभागृहात होती. बायकांचा बचत गट सहलीवाल्यांना जेवण देतो, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. खाली पट्ट्या अंथरल्या होत्या. भात, वरण, वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे, जवसाची चटणी. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसली. चष्मा तसाच. वाढायला तीन-चार जणी होत्या. त्यांतली एक वयस्क बाई आमच्या रांगेत आली, वहिनीसमोर थांबली, परत आत गेली आणि वाटीभर काहीतरी घेऊन आली. तिने ते वहिनीच्या ताटात टाकलं. पाहते तर भाताची खरवड! गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, तळाला लागलेली, तांबूस, कडक झालेली. माझं डोकंच फिरलं. पाहुण्याच्या ताटात कोणी खरवड वाढतं का? आमच्याबद्दल काही कळलं की काय, म्हणून मुद्दाम केलं की काय, असलं सगळं क्षणात डोक्यात येऊन गेलं. अशा गोष्टी आमच्या पिढीने कमी पाहिलेल्या नाहीत. मी मोठ्याने म्हटलं, "बाई, हे का वाढून राह्यल्या तुमी? आमी का उरलंसुरलं खायाले आलो?" तेवढ्यात वहिनीने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली. तिने मान वर केली नाही. खरवडीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, खाल्ला. मग ताटाकडे पाहतच म्हणाली, "आनखी हाय का?"

"हाय," ती बाई म्हणाली. "तुह्यासाठीच ठेवली."

त्या वासुदेवरावांच्या पत्नी होत्या. वहिनी लहान असताना नवी नवरी होऊन त्या घरात आल्या होत्या, आणि गंजाच्या तळाच्या खरवडीवरून दोघी रोज भांडायच्या. हे मला वहिनीने नंतर सांगितलं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं, की वाढणारी बाई पदराने नाक पुसते आहे आणि माझी वहिनी, जी घरी उभ्याउभ्या दोन घास खाऊन मोकळी होते, ती मांडी ठोकून तिसऱ्यांदा भात घेते आहे. बाकीच्यांना पत्ताही नव्हता. ट्रेकिंगच्या मुली वड्यांचे फोटो काढत होत्या.

हात धुवायला बाहेर आलो तेव्हा त्या बाई मागून आल्या. "तुले वळखलं तसा घरी निरोप धाडला. तुहे भाऊ तिकडं हापशीपाशी उभे हायेत," त्या म्हणाल्या. समोर रस्त्यापलीकडे एक उंच, वाकलेला म्हातारा आमच्याकडे पाठ करून उभा होता. हापशीवर पाणी भरणारं कोणी नव्हतं. वहिनी सरळ गाडीकडे चालत निघाली. "उभे राहू दे. मले धबधब्याले उशीर होते." त्यांच्यापासून दहा-बारा हातांवरून ती गेली, मान ताठ, नजर समोर. त्यांची पाठ हलली नाही. मला दोघांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खरंच सांगते. एवढी म्हातारी माणसं, आणि दहा हात रस्ता कोणाला ओलांडता येईना.

ब्रह्मपुरीच्या अलीकडे वैनगंगा दुसऱ्यांदा लागली तेव्हा वहिनी मला म्हणाली, "हे पाय मंदा, मी पैसे देऊन जेवली. माहेरी नाई जेवली." मी म्हटलं, हो वहिनी.

धबधब्यावर गर्दी होती. पोरं ओरडत होती, कोणी स्पीकर लावला होता. वहिनी वर चढली नाही. खालच्या एका खडकावर बसली आणि पाय पाण्यात सोडले. हिरामणभाऊंनी शिट्टी वाजवली, हाका मारल्या, नाटकातला आवाज काढून धमक्या दिल्या. ही उठेना. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा पाण्याकडे पाहत तिने विचारलं, "त्यानं मांगं वळून पाह्यलं का?"

मी पाहिलं होतं. मी मागच्या सीटवर होते. गाडी सुटल्याबरोबर तो म्हातारा वळला, रस्त्याच्या मध्यात आला आणि आम्ही वळणाआड होईपर्यंत तिथेच उभा राहिला. मी तिला हे जसंच्या तसं सांगितलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "माह्यी समजूत नको काढू वं." मी आईची शपथ घेतली, चिडले, तिचा खांदा हलवला. उपयोग झाला नाही. मी तिची लाडकी, आणि लाडक्या माणसाचं अशा वेळी कोणी खरं मानत नाही. त्यानंतर वर्षभर ती कुठेही असो, स्वयंपाक करता करता, बाजारातून येता येता मध्येच म्हणायची, "खरंच पाह्यलं होतं का तू?" मी हो म्हणायचे. ती मान हलवायची आणि दुसराच विषय काढायची.

म्हणून बसमधून हिरामणभाऊंना फोन. वैरागडचा दुसरा कोणताच नंबर माझ्याकडे नव्हता. ते म्हणाले, "मी गावात सांगतो जी, पन ते येतीन का नाई..." मीही आशा ठेवली नव्हती. संध्याकाळचं ऊन उतरलं, वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, आता उचला म्हणून मंडळी पुढे झाली, आणि फाटकाशी एक जीप थांबली. वासुदेवराव आणि त्यांच्या पत्नी. वासुदेवरावांच्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी होती. सवाष्ण गेली की माहेरचं पातळ अंगावर घालायचं, ही त्यांच्याकडची रीत. मला वाटलं, आता पिशवीतून हिरवं पातळ निघणार आणि आमची काही म्हातारी मंडळी कुरकुरणार. दादाही अवघडून उभा होता. म्हाताऱ्याने घडी उलगडली. पातळ पांढरं होतं... काठसुद्धा नसलेलं. तुमच्याकडं कोन्या रंगाचं लागते म्हून आमच्या गावच्या विहारात जाऊन विचारलं, असं ते दादाला म्हणाले. सगळा जन्म त्याच गावात काढलेला माणूस, आणि तिथल्या बौद्ध वस्तीची पायरी त्या दिवशी पहिल्यांदा चढला. मी तेव्हा रडले. त्याआधी रडले नव्हते.

वहिनीच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला ते दोघे पुन्हा आले. लोक पांगल्यावर वासुदेवरावांनी मला बाजूला बोलावलं. "बाई, त्या दिवशी तुमी होत्या न तिच्यासंगं? तिनं मले पाह्यलं का?"

मी म्हटलं, "नाई पाह्यलं. पन धबधब्यावर तिनं विचारलं होतं, तुमी वळून पाह्यलं का म्हून."

"मंग? तुमी का सांगतलं?"

"पाह्यलं म्हून सांगतलं."

"मंग?"

"तिले खरं नाई वाटलं, भाऊ."

दुसरं काही बोलता आलं असतं. सुचलंही होतं. पण वर्षभर तिला खरं सांगून पटलं नव्हतं, आणि आता त्यांना खोटं सांगायला माझी जीभ वळेना. त्यांनी विचारलं, ती बसत कुठं होती? बसत नव्हती, मी म्हटलं. ओट्याशेजारी एक खिडकी आहे, काम संपलं की तिथे उभी राहायची, गजांना धरून, रस्त्याकडे पाहत. आम्ही म्हणायचो, काय पाहतेस गं एवढं, रस्ता तर रोजचाच आहे. मी त्यांना आत नेलं. ते उंच, त्यांना वाकावं लागलं. त्यांनी गजांना हात लावला आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. त्यांच्या पत्नी दोनदा दारापर्यंत येऊन परत गेल्या. आम्ही कोणी त्यांना हाक मारली नाही.