आधी फॉर्म, मग शिडी

मी आमच्या लायब्ररीचा तंत्रज्ञान-प्रमुख झालो, कारण त्या दिवशी कमिटीच्या मीटिंगला मी उशिरा पोचलो.

मैसूरच्या जयलक्ष्मीपुरममध्ये पिठाच्या गिरणीच्या माडीवर आमची दोन खोल्यांची सार्वजनिक लायब्ररी आहे. एका खोलीत कन्नड पुस्तकं, दुसरीत मराठी आणि गिरणीचं पीठ दोन्हींवर! बंगळुरूच्या एका ट्रस्टने आम्हाला दोन कॉम्प्युटर दिले. शिवाय सभासदांना आपोआप फोन लावून निरोप ऐकवणारी एक सोय दिली. अट एवढीच, की तीन महिन्यांत लोक लायब्ररीत यायला लागले पाहिजेत. नाहीतर सगळं सामान पिरियापट्टणच्या लायब्ररीला जाणार. अडीच महिने उलटले, तरी कॉम्प्युटरजवळ फक्त शारदम्मा जायच्या. रोज सकाळी त्याला जास्वंदीचं फूल वाहायला. (शारदम्मा म्हणजे आमच्या लायब्रेरियन. त्यांच्यासमोर पुस्तकंसुद्धा ताठ उभी राहतात.)

शेवटी मी कंबर कसली. पुस्तकं नेऊन गायब झालेल्या जुन्या सभासदांना प्रेमाने परत बोलवायचं! निरोप माझ्याच आवाजात रेकॉर्ड केला. मर्यादा होती तीस सेकंदांची. त्यातले पंधरा 'सप्रेम नमस्कार, आपण सर्व कुशल असालच' यात गेले, त्यामुळे लायब्ररीचं नाव घ्यायला वेळ उरला नाही. लोक मासिकं आणि सीडीही नेतात, म्हणून 'पुस्तक' न म्हणता 'वस्तू' म्हटलं. पुढचा मजकूर असा झाला : "आपण आमच्याकडून नेलेली वस्तू अजून परत केलेली नाही. रविवारपर्यंत आणून द्यावी, अन्यथा आपलं नाव फळ्यावर लावावं लागेल."

मग सभासदांची यादी जोडली. फाइलचं नाव होतं 'यादी फायनल'. ती माझ्या मुलीच्या, कीर्तीच्या, लग्नाच्या आमंत्रणांची यादी होती!

शुक्रवारी सकाळी दहाला मी लायब्ररीत बटण दाबलं आणि घरी आलो. दहा वाजून पाच मिनिटांनी हिनकलहून अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण.

"एनो रघू, काय हे! आईच्या बाहुल्या मागायला मशीन लावलंस काय रे?"

"कसल्या बाहुल्या, अक्का?"

"आता नाटक नको! आईची दसऱ्याला मांडायची राजा-राणीची जोडी! मी नेली ती! फळ्यावर नाव लावतोस बहिणीचं? लाव की!"

फोन आपटला गेला. मी विचार करतोय तोवर बायको दारातून ओरडली, "अहो, शंकर शिडी घेऊन आलाय!"

शंकर माझा मेहुणा. शिडी आमची होती हे मी पार विसरलो होतो. तो घामाघूम होऊन म्हणाला, "भावजी, तोंडावर मागायची होती. सगळ्या गल्लीला का ऐकवलंत? मी फोन स्पीकरवर ठेवला होता!"

इथपर्यंत ठीक होतं. दुपारी व्याह्यांचा फोन आला. ते साताऱ्याचे. तीन वर्षांपूर्वीच मैसूरला आलेले, अत्यंत सभ्य माणूस.

"रघुनाथराव, सकाळपासून सगळं घर धुंडाळलं. तुमच्याकडून आणलेली एकच गोष्ट सापडली. आमची सूनबाई. रविवारपर्यंत आणून द्यायची म्हणता?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिकडे कुणीतरी त्यांचा फोन हिसकावून घेतला.

"बाबा, मी वस्तू?"

"कीर्ती, अगं तसं नाही..."

"आणि फळ्यावर कुणाचं नाव लावणार? माझ्या सासऱ्यांचं?"

मी धावतच लायब्ररीत गेलो आणि 'चूक झाली, क्षमस्व' असा निरोप रेकॉर्ड केला. मग न बघताच बटण दाबलं. ते 'पुन्हा पाठवा'चं निघालं. पहिलाच निरोप परत सगळ्यांना गेला! पाच मिनिटांत व्याही पुन्हा लाईनवर. "रघुनाथराव, एवढी घाई असेल तर आजच आणून सोडतो."

शारदम्मांनी शांतपणे मला खुर्चीवरून उठवलं. "सुम्ने कूत्कोळ्ळी, सर." (म्हणजे गप्प बसा. गेली वीस वर्षं त्या माझ्याशी एवढंच कन्नड बोलतात.) त्यांनी स्वतःच्या आवाजात तिसरा निरोप पाठवला : "लायब्ररीचा फोन होता. सरांची चूक. रविवारी लायब्ररीत या, कॉफी आहे." पण एकदा दुखावलेले नातेवाईक 'चूक' थोडीच ऐकतात? त्यांनी 'रविवार' आणि 'लायब्ररी' एवढंच ऐकलं.

रविवारी जिन्यावर रांग लागली. इडलीपात्र, पाट, सतरंजी, छत्र्या, माझा स्वेटर! शंकर शिडी परत उचलून इथे घेऊन आला होता, म्हणाला, "चारचौघांत दिलेली बरी." दारात शारदम्मा टेबल टाकून बसल्या होत्या. "आधी सभासदाचा फॉर्म, मग शिडी," त्या म्हणाल्या. शंकरने एका हाताने शिडी सांभाळत सही केली.

अक्का सगळ्यांत शेवटी आली. जुन्या धोतरात गुंडाळलेली बाहुल्यांची जोडी तिने माझ्या हातात ठेवली. राजाचं नाक घासून गेलं होतं. लहानपणी ते आम्ही दोघांनीच घासलं होतं, भांडताना.

"अक्का, मी खरंच मागितल्या नव्हत्या गं."

"ठाऊक आहे. तू कधीच मागितल्या नाहीस. म्हणूनच परत देता आल्या नाहीत मला." ती डोळे पुसत कॉफीकडे गेली.

मी जोडी तिच्याच पिशवीत परत ठेवली. यंदा दसऱ्याला हिनकलला जायचं, असं ठरलं.

ट्रस्टच्या बाई नेमक्या तेव्हाच पाहणीला आल्या. पाय ठेवायला जागा नव्हती. कीर्ती दोन आज्यांना कॉम्प्युटरवर नातवंडांचे फोटो शोधून देत होती. आणि व्याही मराठीच्या खोलीत पिठात बसून असे वाचत होते, की सूनबाईला परत करायचं साफ विसरले! कॉम्प्युटर आमच्याकडेच राहिले.

सोमवारी शारदम्मांनी ठरवलं, खऱ्या सभासदांना आपण स्वतःच फोन करायचा. रजिस्टर उघडून त्यांनी सगळ्यांत जुन्या थकबाकीदाराचा नंबर फिरवला. समोरच बसलेल्या माझ्या खिशात फोन वाजला.

"सर, नमस्कार. घरबसल्या कॉम्प्युटर शिकवणारं पुस्तक. अकरा वर्षं झाली. किती वाचून झालं?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं, "प्रस्तावना."