डावी नाकपुडी

पडेगावच्या आमच्या नव्या इमारतीचा वॉचमन बोलायला तोंड उघडण्याआधी उजवी नाकपुडी अंगठ्यानं दाबायचा आणि डावी चालते का ते बघायचा. ती कधीच चालायची नाही. वर्ष दुष्काळाचं, त्यात चहूकडं बांधकामं. धुळीनं नाक चोंदलंय, एवढंच त्याचं म्हणणं.

"धूळ काय एकाच नाकपुडीत जाते का हो?"

"डावी धुळीला, उजवी बिडीला. वाटून दिल्यात, ताई."

शेवटी मीच रागावून त्याला दवाखान्यात पाठवलं. आत गाठ निघाली. कॅन्सर नव्हता, पण तिनं शेजारचं हाड पोखरलं होतं. ऑपरेशन झालं, तरी ती पुन्हा उगवू शकते, असं डॉक्टरांनी बजावलं.

"साधी हाय म्हनं," तो सांगायचा, "पर खोडील लई."

घराणं मेंढपाळाचं, त्यामुळं गाठ परत उगवली का ते तपासायची रीतही त्याची स्वतःची. रोज सकाळी टँकरचं पाणी टाकीत सोडून झालं की उजवी नाकपुडी दाबून तो आपल्या शेळीच्या करडाचं डोकं हुंगायचा. वास आला की मला हात करायचा. मीही गॅलरीतून करायचे.

परवा तो करडू घेऊन माझ्या दारात आला.

"ताई, जरा हुंगून बघा. येतो का वास?"

चांगला उग्र वास होता. "येतोय की!"

"व्हय का." त्यानं उजवी नाकपुडी दाबून स्वतः पुन्हा एकदा हुंगून बघितलं. मग त्यानं करडू माझ्या हातात दिलं.

"दवाखान्यात जावं लागंल परत. तंवर त्याला तुमचा वास वळखीचा होऊ द्या."