चाळीस मिनिटांचा पहिला नग

बोईसरच्या आमच्या छोट्या कारखान्यात मालाचा दर काढायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्याचा मला भारी तोरा होता. एका यंत्रासाठी वायरींच्या चौसष्ट जुड्या बांधून हव्या होत्या. प्लॅस्टिकच्या पट्ट्या चालणार नव्हत्या. मेण लावलेल्या दोऱ्याने, ठरावीक अंतरावर गाठी मारून.

मालकांनी त्यासाठी सातपाटीच्या चार बायका कामावर घेतल्या आणि मला स्पष्ट सांगितलं, "दिलेल्या दरात काम बसलं तर हा विभाग राहील. नाहीतर त्यांना घरी पाठवावं लागेल."

दर काढायची माझी रीत ठरलेली. माणूस काम करता करता शिकतो. नगांची संख्या दुप्पट झाली, की दर नगाचा वेळ दहाव्या हिश्श्याने घटतो. त्या चौघींतल्या मोठ्या मावशींनी पहिला नग चाळीस मिनिटांत बांधला. मी कागदावर दुप्पट-दुप्पट करत चौसष्टपर्यंत उतरले, सरासरी पंचवीस मिनिटं आली. त्यावर दर दिला. ऑर्डर आली, मी पेढे वाटले.

दुसरा नग चाळीस मिनिटं. चौथा चाळीस. आठवाही चाळीस! घड्याळ हातात धरून मी मावशींच्या डोक्यावर उभी.

"मावशी, हात बसत का नाही?"

"बसायचा काय ऱ्हायला?" त्या म्हणाल्या. "बारा वर्सांची होते तवापासून बापासंगं माशांची जाळी विणते. गाठ मला नवी नाय."

माझं धाबंच दणाणलं. नवशिके समजून मी ज्या हातांचा वेळ मोजला होता, ते हात माझ्या जन्माआधीच शिकून बसले होते. वेळ घटण्याच्या घसरगुंडीच्या तळाशी आधीच बसलेल्या बाईला मी वरून सोडायला निघाले होते. आणि माझ्या शहाणपणापायी चौघींची नोकरी जाणार होती. मला खरोखर रडू आलं. मी सगळं मावशींना सांगून टाकलं.

त्यांनी आधी मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "गाठ शिकलेली हाय, पन ह्ये टेबल नाय शिकलं. एका हातानं जुडी धरा, एका हातानं गाठ मारा. जाळं कोन टेबलावर विणतं गं?"

टेबल माझंच होतं. मीच हौसेने मागवलं होतं, कुणालाही न विचारता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीला एक हूक ठोकला आणि चटया अंथरल्या. जुडीचं एक टोक हुकाला, दुसऱ्याला बांधलेली दोरी पायाच्या अंगठ्यात. जुडी ताणून राहिली, दोन्ही हात मोकळे झाले. पहिलाच नग अठ्ठावीस मिनिटांत! मग चोवीस, मग वीस. चौघींच्या गप्पांना ऊत आला, त्यात कोळंबीच्या भावापासून सुनेच्या मोबाईलपर्यंत सगळं होतं, आणि हात थांबत नव्हते. मी आनंदाने नाचायचीच बाकी होते.

चौसष्टावा नग बांधून झाला तेव्हा दर जेमतेम बसला होता. मालकांनी हिशेब पाहिला आणि चौघींना कायम केलं. त्या दिवशी मावशींनी घरून सुक्या बोंबलाची चटणी आणली होती, ती मालकांनीही चाटूनपुसून खाल्ली.

पुढची मागणी आली तेव्हा मी कागद उघडला नाही. सरळ खाली जाऊन चटईवर बसले, दोरी अंगठ्यात अडकवली आणि म्हटलं, "मावशी, आधी मला शिकवा." माझ्या पहिल्या नगाला सव्वादोन तास लागले, आणि गाठी अशा की बघवेनात.

मावशींनी माझ्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं आणि ते हातात धरून माझ्या डोक्यावर उभ्या राहिल्या.

"बांध आता दुसरा," त्या म्हणाल्या. "मी मोजते."