मावशीच्या रिबिनी

माझी मावशी रिबिनी विकते. भर बाजारपेठेत, चार फुटांच्या दुकानात, गेली एकतीस वर्षं. रिबीन मोजताना तिचे डोळे अर्धे मिटतात आणि ती कुठल्या तरी दुसऱ्याच गावी जाऊन येते. गिऱ्हाईक दोन मीटर मागतं, ती अडीच कापते आणि वर त्यालाच विचारते, "पुरेल ना?"

मग पालिकेनं जमिनीखालची पाइपलाइन बदलायला रस्ता खोदला. मधोमध चर, चरावर फळ्या, दोन्ही बाजूंना उंच पत्रे. बसमधून उतरलेली माणसं पत्र्यांकडे बघायची आणि चालती व्हायची. व्यापारी मंडळानं 'दुकाने चालू आहेत' असा फलक लावला, तोही पत्र्याच्या आतल्या बाजूला. तो आम्हीच वाचायचो.

समोरचे घड्याळवाले काका महिनाअखेरीस दुकान बंद करून कायमचे लेकीकडे जाणार, हे कळलं तेव्हा मावशीनं हातातली रिबीन पुन्हा पहिल्यापासून मोजली. दुपारचा चहा ती दोघं आपापल्या पायरीवर बसून प्यायची. एकाच वेळी, रस्त्याच्या दोन कडांना. आता मध्ये पत्रे होते. काका गेले असते तर मावशी खचली असती, आणि तिनं ते कुणापुढे कबूलही केलं नसतं.

दुसऱ्या सकाळी तिनं रिळं बाहेर काढली. बस स्टॉपच्या खांबापासून प्रत्येक दुकानापर्यंत एकेक रिबीन: चपलांच्या दुकानाला निळी, भांड्यांच्या दुकानाला हिरवी, काकांना पिवळी. खांबावर पुठ्ठ्याची यादी. मजूर रोज फळ्या हलवायचे, म्हणून रोज सगळ्या रिबिनी सोडून पुन्हा बांधायच्या. दुसरं टोक धरायला मी.

"मावशी, मी नोकरी करते, लक्षात आहे ना?"

"धर नीट. पिवळी लोंबतेय."

आणि लोक आले. धुळीच्या पांढुरक्या उजेडात रंगांचे पट्टे हलायचे आणि त्यांना बोटं लावून माणसं सावकाश चालायची, झोपेत चालावं तशी. काही घ्यायचं नसलेलेही टोक कुठे जातं ते बघायला यायचे. एक बाई चपला घ्यायला निघाली, रंग चुकली आणि पातेलं घेऊन खुशीत घरी गेली.

मावशीकडे मात्र शुकशुकाट. "लोकांना रिबिनींचा कंटाळा आला असेल," ती म्हणाली.

आठव्या दिवशी काका फळ्यांवरून तोल सांभाळत तिच्या दारात आले.

"तुमची कुठली?"

"काय कुठली?"

"रिबीन. यादी दोनदा वाचली. तुमचं दुकान नाहीच तिच्यात."

मावशीनं बोटांवर एकेक रंग मोजला. सगळ्या बाजाराला वाट दाखवताना ही बाई स्वतःलाच विसरली होती. आणि आठ दिवस टोक धरणारी मी, माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

काकांनी लाल रीळ उचललं. एक टोक मावशीच्या कडीला बांधलं आणि दुसरं खांबाकडे न नेता आपल्या दाराकडे नेऊ लागले.

"माझ्याकडे येतील ते पुढे तुमच्याकडे येतील," ते म्हणाले.

"आणि महिनाअखेरीनंतर?" मावशीनं विचारलं.

काकांनी गाठ आवळली. "फळ्या रोज हलतात. दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं. पोरीला नोकरी आहे."

त्या दिवसापासून मी ऑफिसला वेळेवर पोचते.